मुक्ताच्या रक्तातली ओळख

साळवे सिस्टरनं पेढा हातात घेतला, तोंडापर्यंत नेला आणि मग विचारलं, कशाबद्दल. शहादेव म्हणाला, "क्रॉसमॅच पॉझिटिव्ह आला. सकाळी औरंगाबादच्या दवाखान्यातून फोन आलता." सिस्टरचा हात तिथंच थांबला. तिनं पेढा ट्रेमध्ये कापसाशेजारी अलगद ठेवला आणि आवाज खाली आणून सांगितलं, "काका, पॉझिटिव्ह म्हंजे जमत न्हाई. ते निगेटिव्ह यावं लागतं."

बीडमधल्या त्या डायलिसिसच्या खोलीत सहा खाटा होत्या आणि सकाळच्या पाळीत चौथी खाट शहादेवच्या बायकोची, मुक्ताची. दोन वर्षांपूर्वी पाय सुजायला लागले म्हणून तिला दाखवलं, तेव्हा कळलं की बीपीनं दोन्ही किडन्या आतल्या आत खाऊन टाकल्या आहेत आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. डॉक्टर पुढचं काही बोलायच्या आत शहादेवनं आपली किडनी देऊ केली होती. रक्तगट जुळला. त्याची छाती, साखर, किडन्या सगळं तपासून झालं, आणि प्रत्येक तपासणीत पास होताना त्याला लग्नाच्या वेळी मुलीकडच्यांनी पसंत केल्यासारखं वाटत गेलं. शेवटची एकच चाचणी राहिली होती, त्याच्या पेशी आणि तिचं रक्त एकत्र करून बघायची. तिचा निकाल फोनवर ऐकला आणि तो सुभाष रोडला जाऊन अर्धा किलो पेढे घेऊन आला. सहकारी दूध संघाच्या ज्या शीतकरण केंद्रात तो अठ्ठावीस वर्षं दूध तपासत होता तिथं त्यानं आधी वाटले. वाटताना त्याला एकदाही आठवलं नाही की हा शब्द तो स्वतः रोज रजिस्टरात लिहितो. दुधात सोडा सापडला की पॉझिटिव्ह, युरिया सापडला की पॉझिटिव्ह, आणि मग ते कॅन ज्या गाडीतून आलं त्याच गाडीतून परत. हे सगळं आता, पेढ्यांचा बॉक्स हातात धरून उभा असताना त्याला आठवलं. काचेपलीकडून मुक्तानं तो बॉक्स बघितला होता. सुया नसलेला हात तिनं चादरीबाहेर काढला आणि पसरला. तो आत गेला. "कशाची खुशी हाय?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "तुज्या माहेरी, उमापूरच्या डेअरीवर, भगवानराव परत चेअरमन झाले. बिनविरोध." हे खरं होतं, पण तीन आठवडे जुनं होतं. "त्याचे पेढे तुमी कावून वाटायलाव?" "वाटावं वाटलं." मुक्तानं त्याच्याकडं नीट बघितलं, अर्धा पेढा खाल्ला आणि उरलेला अर्धा त्याच्या हातावर ठेवला. तो खाताना त्याच्या तोंडाला चव नव्हती, नुसता खवा होता.

सोमवारी औरंगाबादच्या दवाखान्यात एका तरुण डॉक्टरीणबाईंनी कागद पुढ्यात ओढून पहिला प्रश्न विचारला तो बाळंतपणांचा. किती झाली. शहादेव म्हणाला दोन. मग म्हणाला, तीन. थोरली लेक आणि धाकटा मुलगा यांच्यामध्ये एक होतं, आठव्या महिन्यात गेलं. बाईंनी तीन लिहिलं. मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. माणसाच्या प्रत्येक पेशीवर काही खुणा असतात, अर्ध्या आईकडून आलेल्या आणि अर्ध्या बापाकडून. शरीर आपल्या खुणा ओळखतं, परकी खूण दिसली की तिच्यावर तुटून पडतं. बाई गरोदर राहते तेव्हा बाळाच्या अंगावर नवऱ्याच्या खुणा असतात. कधीकधी बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं, आईचं शरीर त्या खुणांची नोंद घेतं आणि त्यांच्याविरुद्ध हत्यारं तयार ठेवतं. बाळाला त्याचा त्रास होत नाही. पण पंचवीस वर्षांनी नवऱ्याची किडनी बसवायला जावं तर ती हत्यारं तयारच असतात. टेबलवरच किडनी काळीनिळी पडू शकते. शहादेवनं विचारलं, "म्हंजे तिचं रक्त मला ओळखतंय?" बाई म्हणाल्या, "हो. ओळखतं आणि येऊ देत नाही." मुलांचंही बहुधा जमणार नाही, कारण मुलांत अर्धे तुम्हीच आहात. भावंडं असतील तर बघा. प्रत्येक भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक, काहीच न जुळायची शक्यताही चारात एक, बाकी अर्धंमुर्धं.

परतीच्या एस्टीत तो खिडकीला बसला होता. शहागडच्या पुलाखाली गोदावरीत नुसती वाळू होती, आणि वाळूत खड्डे खणून बायका वाटीनं पाणी भरत होत्या. सोळा सालचा तो उन्हाळा. सलग काही वर्षं पावसानं दगा दिलेला, त्यामुळं रस्त्याला झाडांपेक्षा टँकर जास्त दिसत होते. शहादेवला त्यातलं काही दिसत नव्हतं. येऊ देत नाही हे तीन शब्द त्याच्या डोक्यात गाडीच्या आवाजाबरोबर आपटत होते. त्याला लेकीच्या वेळचे दिवस आठवले. मुक्ता तेव्हा वीस वर्षांची होती, आणि तिसऱ्या महिन्यात तिला त्याचा वास सोसेनासा झाला होता. दुधाचा, कॅनमधल्या आंबूस दुधाचा वास त्याच्या अंगाला कायमचा लागलेला. तो साबणानं दोनदा अंघोळ करून यायचा, तरी ती उंबऱ्यातच पदर नाकाला लावून म्हणायची, "तुमी तिकडंच बसा." त्याची बाज अंगणात गेली ती बाळंतपणापर्यंत. तेव्हा त्याला हसू यायचं, मित्रांना सांगायचा, आमाला घराबाहेर काढलंय. आता वाटलं, तेव्हाच सुरू झालं होतं हे. ती पदर नाकाला लावून उभी होती आणि तिच्या आत कुणीतरी त्याचं नाव लिहून घेत होतं, ह्याला घ्यायचं नाही म्हणून. एका ताटात जेवलो, दुखण्याखुपण्यात एकमेकांची डोकी दाबली, आणि आत असं आहे. तो रागावला नव्हता. राग कुणावर धरायचा, हेच कळत नव्हतं. अपमान झाल्यासारखं वाटत होतं आणि अपमान करणारी बाई सध्या दिवसाला तीन पेले पाणी मोजून पिऊन त्याची वाट बघत बसली होती, कारण किडन्या नसलेल्या माणसाला त्याहून जास्त पाणी चालत नाही. आणखी एक भीती होती. हे तिला कळलं तर ती म्हणेल, माझ्या रक्तानंच घात केला. ती स्वतःला दोष देईल, आणि दोष द्यायला लागली की जेवण सोडेल. तिचा स्वभाव त्याला माहीत होता. गेवराई जवळ आली तोपर्यंत त्यानं ठरवून टाकलं. घरी जाऊन सांगितलं, "माजं बीपी जास्त निघालं. डॉक्टर न्हाई म्हनल्या." मुक्ताचा चेहरा पडला, पण स्वतःसाठी नाही. तिनं उठून स्वैपाकघरातली मिठाची बरणी वरच्या फळीवर ठेवून दिली आणि म्हणाली, "आजपासून तुमाला बी अळणी. एक दुखनं हाय तेवढं बास झालं घरात." त्या दिवसापासून शहादेवच्या ताटात बिनमिठाचं वरण यायला लागलं, आणि तो ते मुकाट खायला लागला.

मुक्ताची भावंडं दोन. धाकटा भाऊ सटवा, आणि सगळ्यांत शेवटची कडूबाई. त्यांचं घर मूळचं मेंढरांमागं फिरणारं, बापानं उमापुरात स्थायिक होऊन गाई घेतल्या. सटवा आणि मुक्ता एका साच्यातून काढल्यासारखे, तेच रुंद कपाळ, तेच पुढं आलेले दात, चालही एक. शहादेवच्या मनात आशा होती ती सटवावर. कडूबाईचं सगळंच निराळं. ती उंच, गोरटेली, डोळे घारे. मुक्तानंतर आणि सटवानंतर घरात दोन पोरं वारली होती, म्हणून ही जन्मली तेव्हा आईनं तिला शेजारणीला देऊन टाकली आणि सूपभर कोंडा देऊन परत विकत घेतली, आणि नावही ठेवलं कडू, म्हणजे दैवाला हिची गोडी वाटू नये. त्या काळात घरोघर असं करत. पण पोरांना तेवढं पुरतं. लहानपणी भांडण झालं की सटवा म्हणायचा, "तू आमची न्हाईसच बे, कोंड्यावर घेतलेली हायस." आरशात बघितलं की कडूबाईला ते खरं वाटायचं. स्वतःच्या लग्नात शहादेवनं पहिल्यांदा तिला बघितलं ती सहा वर्षांची होती, मांडवाच्या खांबाला धरून उभी, आणि त्यानं सहज विचारलं होतं, ही कोनाची? ती पळून गेली होती. पुढं तिचं लग्न झालं, नवरा वारला, ती उमापूरला परत आली, दोन गाई आणि एक म्हैस एवढ्यावर उभी राहिली. गावच्या दूध संस्थेत तिच्या दुधाला सगळ्यांत जास्त फॅट लागायची, हे शहादेवला रजिस्टरात दिसायचं. त्या उन्हाळ्यात ती जनावरं घेऊन चारा छावणीत राहायला गेली होती.

शहादेव तिकडं गेला ते फक्त सटवाला विचारायला. छावणीत शेडनेटखाली जनावरं ओळीनं बांधलेली होती, बायका चुलीवर चहा करत होत्या, उसाच्या वाढ्यांचा वास सगळीकडं भरला होता. सटवा लगेच हो म्हणाला, पण त्याचा हात कुडत्याच्या गुंडीशी चाळा करत राहिला. कडूबाई म्हशीला पाणी दाखवत होती. ती बादली खाली ठेवून म्हणाली, "दाजी, मला कावून इचारलं न्हाई?" तिची जनावरं आहेत, ती एकटी आहे, असं काहीतरी तो बोलला. खरं कारण त्याच्या मनात होतं तेच तिच्याही मनात होतं. ती म्हणाली, "माजं जुळनार न्हाई, मला म्हाईत हाय. पर तपासायला काय जातंय. मीबी येते."

दोघांची तपासणी झाली. निकालाला औरंगाबादला जाताना सगळे नको म्हणत असतानाही मुक्ता बरोबर आली. डॉक्टरीणबाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. तपासलेल्या सहा खुणांपैकी सटवाची एकही जुळत नव्हती. सटवानं श्वास सोडला, आणि सोडला तो सगळ्यांना ऐकू गेला म्हणून त्यानं मान खाली घातली. शहादेवला त्याची कीव आली आणि थोडं बरंही वाटलं, की नाकारलेला आपण एकटा नाही. मग बाई कडूबाईकडं वळल्या. "तुमच्या सहाच्या सहा जुळतात. क्रॉसमॅच निगेटिव्ह आहे." यावेळी शहादेवला त्या शब्दाचा अर्थ माहीत होता आणि तो खुर्चीचा हात घट्ट धरून बसला. कडूबाईला मात्र काहीच कळलं नव्हतं. ती म्हणाली, "सहा म्हंजे किती पैकी?" "सहापैकी." "म्हंजे मी हिची बहीन हाय?" बाई जरा गोंधळल्या. म्हणाल्या, "अहो, म्हणजे काय. सख्खी. आईकडून जे हिला आलं तेच तुम्हाला आलं, वडिलांकडून आलं तेही तेच. इतकं सारखं सगळ्या सख्ख्या बहिणींचंही नसतं." कडूबाई उठून उभी राहिली आणि परत बसली, पण खुर्चीवर नाही, जमिनीवर. पदर तोंडाला लावून ती कितीतरी वेळ हलत होती, आणि ती रडतेय की हसतेय ते कुणाला कळेना. मुक्ता तिच्याजवळ खाली बसली. सटवा कोपऱ्यातून म्हणाला, "मंग कोंड्यावर मलाच घेतलं आसंल." तेव्हा पहिल्यांदा मुक्ता मोठ्यानं हसली. डॉक्टरीणबाईंना गोष्ट सांगावी लागली, आणि गोष्ट ऐकून त्याही हसल्या. शहादेव हसला तेव्हा त्याच्या छातीत काहीतरी टोचलं. चेहरा नाही, रंग नाही, डोळे नाहीत, आणि तरी आत सगळं तेच. आणि आपण इतकी वर्षं शेजारी झोपून परके.

मुक्ता मात्र अडून बसली. म्हणाली, हिची जनावरं कोण बघणार, दुष्काळात ती दावणीला मरतील, मला असली किडनी नको. दोन दिवस घरात ती कडूबाईशी बोलली नाही. तेव्हा कडूबाई थेट भगवानरावांकडं गेली. भगवानराव म्हणजे उमापूरच्या दूध संस्थेचे चेअरमन, बोलायला संथ, कागदाला पक्के. ती म्हणाली, "सभा घ्या आनि लेखी द्या." छावणीतच, दोन बैलगाड्यांच्या सावलीला, संस्थेची खास सभा झाली. ठराव झाला की सभासद कडूबाई या बहिणीस मूत्रपिंड देण्यासाठी जात असल्यानं त्यांची तीन जनावरं सभासदांनी आळीपाळीनं सांभाळावीत, धार काढावी, आणि दुधाची फॅट कमी लागल्यास ज्याची पाळी त्यानं खुलासा द्यावा. सूचक, अनुमोदक, ठराव सर्वानुमते मंजूर. शिक्का मारलेली ती प्रत कडूबाईनं मुक्ताच्या हातात दिली. मुक्तानं ती दोनदा वाचली. "म्हशीचं नाव चुकलंय," ती म्हणाली. एवढीच हरकत राहिली. पुढं दवाखान्यातल्या अधिकाऱ्यांनी कडूबाईला एकटीला बसवून विचारलं, कुणी जबरदस्ती तर केली नाही ना. ती म्हणाली, "केली. मी केली, हिच्यावर. ही न्हाई म्हनत व्हती." त्यांनी ते तसंच लिहून घेतलं.

ऑपरेशनच्या दिवशी शहादेव आणि सटवा दवाखान्याच्या जिन्यात सकाळपासून बसून होते. शहादेवला वाटत होतं, आता या क्षणी मुक्ताच्या पोटात काय चाललं असेल. रक्त नव्या किडनीत शिरलं असेल. तिथं उभी असलेली ती हत्यारं पुढं आली असतील, बघत असतील, ही कोण. त्यानं मनातल्या मनात त्यांना सांगितलं, अरे ही घरचीच हाय, हिला येऊ द्या. माझं जाऊ द्या. हे सांगताना त्याच्या लक्षात आलं की टोचणी कमी झाली आहे. इतके दिवस तो दारात उभा राहून, मला कावून न्हाई, म्हणत होता. आता तो दार उघडणाऱ्यांची विनवणी करत होता, आणि त्यात स्वतःसाठी काही मागायचं उरलं नव्हतं. दुपारी सर्जन बाहेर आले, टोपी काढून म्हणाले, "लघवी सुरू झाली. टेबलवरच झाली. पिशवी भरायला लागलीये." सटवानं जिन्यातूनच भगवानरावांना फोन लावला. "झाली," तो म्हणाला, "आक्काला लघवी झाली." भगवानरावांनी छावणीत सगळ्यांना सांगितलं, आणि टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी एकमेकींना सांगितलं, मुक्ताला लघवी झाली, लई झाली, पिशवी भरली. दोन वर्षं तिच्या अंगातून पाण्याचा थेंब धड बाहेर पडला नव्हता. दोन दिवसांनी शहादेवला काचेतून ती दिसली. चेहऱ्यावरचा तो राखेसारखा रंग गेला होता. कडूबाई दुसऱ्या वॉर्डात पोटाला हात लावून हळूहळू चालत होती आणि भेटेल त्या नर्सला सांगत होती, "आमच्या सहाच्या सहा जुळल्या."

दवाखान्याजवळ खोली घेऊन मुक्ता, शहादेव आणि कडूबाई असे तिघं राहिले. विसाव्या दिवशी रक्ताचा आकडा वाढला. किडनीचं काम मोजणारं क्रिएटिनिन एकवर आलं होतं ते दीडवर गेलं, दोन दिवसांनी एक पूर्णांक नऊवर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहाच्या सहा जुळलं तरी बारीकसारीक खुणा वेगळ्या असतात, शरीर कधीही विरोध करू शकतं. म्हणून तर गोळ्या जन्मभर. किडनीचा छोटा तुकडा काढून बघू. तो काढला, आणि निकालाचे दोन दिवस शहादेवनं कसे काढले ते त्यालाच माहीत. त्याला वाटायला लागलं की हे आपल्यामुळं झालं. जिन्यात बसून आपण मनापासून विनवणी केली नसेल, आत कुठंतरी, मला नाही तर हिलाही नको, असं राहिलं असेल. हे खुळ्यासारखं आहे हे कळत होतं, तरी तो देवळासमोरून जाताना मान वर करत नव्हता. कडूबाई भिंतीला टेकून बसलेली असायची. एकदाच म्हणाली, "माजी चालली न्हाई तर मी परत कोंड्याचीच व्हनार का, दाजी?" तो म्हणाला, "न्हाई. ते आता कागदावर हाय."

निकाल आला. तुकड्यात विरोधाची एकही खूण नव्हती. गोळ्यांची पातळी बरोबर होती. बाईंनी कागद बाजूला ठेवला आणि मुक्ताला विचारलं, "पाणी किती पिता?" मुक्तानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तीन लिटर सांगितलं होतं." मुक्ता म्हणाली, "एवढं जात न्हाई." मग खोदून विचारल्यावर बाहेर पडलं. दिवसाला चार पेले पीत होती, उरलेलं पाणी खोलीच्या मागच्या दारी कडुनिंबाच्या झाडाला घालत होती. दोन वर्षं घोट मोजून प्यायची सवय होती, पेला तोंडाला लावला की घसा आपोआप मिटायचा. आणि दुसरं असं की गावाला चार दिवसांनी टँकर येतो, बायका उन्हात उभ्या राहतात, आणि मी इथं बसून तीन लिटर. "घशाखाली उतरतच न्हाई, बाई." डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटून घेतले आणि उघडले. "किडनी नाकारत नाहीये," त्या म्हणाल्या. "तिला तहान लागलीये. तिच्याही नशिबी तुम्ही दुष्काळ आणलात." शहादेव त्याच दिवशी बीडला जाऊन संघातून दूध मोजायचं लिटरचं माप घेऊन आला, चकचकीत घासलेलं. त्यानंतर रोज सकाळी दोघी बहिणी समोरासमोर मांडी घालून बसायच्या, मध्ये माप. कडूबाई म्हणायची, "पी. ती म्हशीसारखी तरणीताठी हाय माजी किडनी, तिला उपाशी मारायली व्हय." मुक्ता प्यायची, दमायची, हसायला लागायची, पाणी नाकात जायचं. चौथ्या दिवशी आकडा एक पूर्णांक एकवर आला. झाडाचं कळल्यावर खोलीची मालकीण म्हणाली होती, तरीच म्हटलं यंदा ह्याला एवढी पालवी कशी.

कडूबाई पोळ्याच्या आधी उमापूरला गेली. तिची जनावरं धष्टपुष्ट होती आणि फॅटचा खुलासा कुणालाच द्यावा लागला नव्हता. मुक्ता आणि शहादेव दसऱ्याच्या सुमाराला बीडला परतले. घर लावून झाल्यावर मुक्ता पहिल्यांदा कुठं गेली असेल तर साळवे सिस्टरला भेटायला, आता खाटेवर पडायला नव्हे तर उभ्यानं बोलायला. सिस्टरनं तिला मिठी मारली, हौसेनं तिचं बीपी बघितलं, छान आहे म्हणाली. मुक्ता म्हणाली, "यांचंबी बगा. लई बीपी हाय यांना. सात महिने झाले, अळणी खायलेत." शहादेव नको नको म्हणेपर्यंत दंडाला पट्टा बसला होता. एकशेवीस, ऐंशी. "काकांना कुठं बीपी हाय," सिस्टर म्हणाली, "यांचं तर क्रॉसमॅचमुळं..." आणि शहादेवच्या चेहऱ्याकडं बघून ती थांबली.

मुक्ता तडक घरी आली. कुलूप काढलं, चपला काढल्या, आणि स्वैपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बीपी न्हाई तुमाला."

"न्हाई."

"कवाच नव्हतं."

"कवाच नव्हतं."

"मंग तुमची किडनी कावून नाकारली?"

शहादेवनं सगळं सांगितलं. खुणा, बाळंतपणं, रक्तात राहून गेलेली ओळख. जे शब्द त्यानं एस्टीत मनात ऐकले होते तेच सांगितले, पण सांगताना त्यांना धार उरली नव्हती. त्याला वाटलं ती आता रडेल. ती रडली नाही. ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "पोरांमुळं?"

"पोरांमुळं."

"दोघांमुळं?"

"कोनामुळं ते सांगता येत न्हाई, म्हनल्या. तिघांचंबी आसू शकतं."

"मधल्याचंबी?"

"मधल्याचंबी."

मुक्ता खाली बसली. डायलिसिससाठी मनगटाजवळ नस जोडलेली ती जागा अजून तशीच होती, बोट ठेवलं की खाली रक्त गुणगुणायचं. तिनं दुसऱ्या हाताची बोटं तिथं ठेवली. "त्याला मी बगितलंबी न्हाई," ती म्हणाली. "तुमी घेऊन गेलते. कसं व्हतं?" पंचवीस वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं. शहादेव म्हणाला, "तुज्यासारखं. कपाळ तुजं व्हतं." तिचा चेहरा असा झाला होता की जसं दूरच्या खोलीतलं कुणीतरी तिला हाक मारत आहे आणि तिला ती ऐकू येते आहे. "म्हंजे हाय म्हना की," ती शेवटी म्हणाली. "गेलं, गेलं, म्हनत व्हतो आपुन. आन् हितंच हाय. त्यानंच आत ठिवली हाय तुमची ओळख."

इतके महिने ओळख हा शब्द शहादेवसाठी बंद दार होता, तो तिनं एका बोटानं उघडला होता.

मग मुक्ता उठली. पदर खोचला, आणि तिचा आवाज एकदम चढला. "आन् मला बीपी सांगितलं? सात महिने मी तुमाला अळणी वाढलं, गल्लीतल्या डॉक्टरला फोन करून इचारलं यांना चटणी चालंल का म्हनून, आन् तुमी मुकाट खायलेत? मी काय मेले असते का ऐकून? मला काय काचंची समजलाव?" शेजारच्या खिडकीत टीव्हीचा आवाज कमी झाला, म्हणजे त्यांना नीट ऐकू यावं. दोन वर्षांत ती अशी भांडली नव्हती, भांडायला लागतो तेवढा श्वासच तिच्यात नव्हता. आता तो होता आणि ती तो सगळा वापरत होती, लग्नापासूनच्या एकेका लपवालपवीचा हिशेब काढत, हात ओवाळत, गालांवर लाली चढलेली. शहादेव पाटावर बसून ऐकत होता. ती जरा दमल्यासारखी वाटली, आवाज उतरायला लागला, तेव्हा भांडण इतक्यात संपू नये म्हणून तो म्हणाला, "पर तुज्या वरणाला मीठ आसलं तरी तसंच लागतंय."